आठवड्यातून एकदा येणारी माणसं

दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे सगळे जमले की एक भांडण ठरलेलं असतं: सगळ्यात चांगली विनोदी मालिका कोणती? बाबा ‘ये जो है जिंदगी’वर ठाम. आत्याच्या मते चिमणरावापुढे सगळे पाणी कम चाय. थोरला भाऊ ‘देख भाई देख’ सोडायला तयार नाही, बायको साराभाईंच्या पक्षात, आणि अठरा वर्षांची भाची मोबाइलमधून मान वर न करता ‘फ्रेंड्स’ म्हणून मोकळी होते. कोण कधी जन्मलं हे कळायला जन्मदाखला बघायची गरज पडत नाही. निकाल अर्थातच लागत नाही, कारण बोलताना प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे मालिका थोडी आणि ती जिथे बसून पाहिली ती खोली जास्त असते. यंदा मी ठरवलं, चकल्या संपायच्या आत आपण आपलं मत एकदा नीट मांडायचं. फराळाच्या ताटावर ते जमलं नाही, म्हणून इथे मांडतो.

शाळेत मराठीच्या पेपराला विनोदाचे प्रकार लिहावे लागत: शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ, स्वभावनिष्ठ. सिटकॉम म्हणजे सिच्युएशन कॉमेडी, म्हणजे आपल्या हिशेबाने प्रसंगनिष्ठ. पण हे नाव फसवं आहे. प्रसंग दोन-चार भागांत संपतात. पाहुणा अचानक येतो, पाकीट हरवतं, साहेब जेवायला यायचे असतात आणि नेमका गॅस संपतो. जगातल्या सगळ्या विनोदी मालिकांचे प्रसंग मोजले तर दोन-अडीच डझनांवर जाणार नाहीत. टिकते ती माणसाची खोड. पाकीट हरवल्यावर हा माणूस कसा वागेल हे आपल्याला आधीच माहीत असतं, तो तस्साच वागतो, आणि आपण हसतो. म्हणून चांगली सिटकॉम ही मुळात स्वभावनिष्ठ. आणि स्वभाव उघडे पडायचे तर माणसांना एकमेकांना सोडून जाता येता कामा नये. घर, कचेरी, सोसायटी, काहीतरी कुंपण लागतं.

या कुंपणाचं तंत्र अमेरिकेत ‘आय लव्ह लुसी’ने १९५१ साली बसवलं. समोर खरे प्रेक्षक, एकच दिवाणखाना, तीन कॅमेरे एकाच वेळी चालू. म्हणजे झालं नाटकच, फक्त फिल्मवर उतरवलेलं. पुढे प्रेक्षक गेले आणि त्यांचं हसू तेवढं डब्यात भरून राहिलं, ही गोष्ट वेगळी. पण मांडणी नाटकाची, आणि म्हणूनच आपल्याकडे हा प्रकार जिथे रुजला ते शहर मुंबई असणं साहजिक होतं. हिंदी विनोदी मालिकांची नावं हिंदी असली तरी त्यांतली माणसं बघा. सतीश शाह, जतीन कनाकिया, देवेन भोजानी, राजीव मेहता, जे. डी. मजीठिया गुजराती, रीमा, अशोक सराफ, सुप्रिया मराठी. दोन्ही भाषांच्या रंगभूमीने फार्सचे टायमिंग शिकवलेली मंडळी हिंदी बोलू लागली आणि तिला आपण हिंदी सिटकॉम म्हणालो.

आत्याच्या चिमणरावापासून सुरुवात करायला हवी, कारण तो सगळ्यांच्या आधीचा. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ कृष्णधवल पडद्यावर आले. मूळ लेखक चिं. वि. जोशी, बडोद्याला पालीचे प्राध्यापक. भित्रा, पुस्तकी, बढाईखोर चिमणराव आणि त्याला सांभाळणारा धट्टाकट्टा मावसभाऊ, ही जोडी चिं. विं.नी कागदावर इतकी घट्ट बांधून ठेवली होती की दूरदर्शनला कुंपण बांधायचे कष्ट पडले नाहीत. मी ती मालिका वेळेवर पाहिलेली नाही, माझा जन्मच तिच्यानंतरचा. पण आत्या अजून बाळ कर्वे यांचा उल्लेख गुंड्याभाऊ असाच करते, आणि महाराष्ट्रात तशी ती एकटी नाही.

१९८४ची ‘ये जो है जिंदगी’ ही हिंदीतली पहिली मोठी सिटकॉम. लेखक शरद जोशी, म्हणजे हिंदीतले व्यंगकार, आपले शेतकरी नेते नव्हेत. दिग्दर्शकांत नुकताच ‘जाने भी दो यारो’ केलेला कुंदन शाह. शफी इनामदार आणि स्वरूप संपत हे नवरा-बायको, राकेश बेदी हा बायकोचा बेकार भाऊ. घर ठरलेलं, माणसं ठरलेली. बदलायचा तो सतीश शाह. प्रत्येक भागात तो नवं सोंग घेऊन दारात उभा राहायचा. आज एक, पुढच्या आठवड्यात दुसराच कुणी, अशा पन्नासच्या वर भूमिका त्याने केल्या. युक्ती साधी वाटते, पण तिच्यात मोठं शहाणपण आहे. घरातल्यांना बदलायचं नाही, बाहेरच्या जगालाच एक चेहरा देऊन दर आठवड्याला घरात सोडायचं. आज ती मालिका पाहिली तर संथ वाटते. मध्येच सगळे नुसते सोफ्यावर बसून बोलत असतात. बाबा म्हणतात, तेव्हा आम्हीही सोफ्यावर बसून बोलायचो.

कुंदन शाहचीच ‘वागले की दुनिया’ १९८८ची. पात्रं आर. के. लक्ष्मण यांची, निर्मिती दुर्गा खोटे यांच्या संस्थेची, आणि श्रीनिवास वागले या मराठी नोकरदाराचं काम करायला बंगाली मुलखात वाढलेले अंजन श्रीवास्तव. बायको भारती आचरेकर. या मालिकेत हशा फार नाही. वागलेच्या चेहऱ्यावर कायम एक सौम्य धास्ती असते, की आपल्याकडून काही चूक तर झाली नाही ना? एका भागात एक गाडीवाला तरुण त्याला धडक देतो, तो तरुण म्हणजे तेव्हा कुणालाही ठाऊक नसलेला शाहरुख खान. लोक आता तो भाग शाहरुखसाठी शोधून पाहतात. मला मात्र त्यातही वागलेच दिसतो. धडक बसलेला माणूसच कसा अवघडून जातो, हे बघण्यासारखं आहे.

इथे एक गोष्ट मनात येते, ती सांगून टाकतो. हिंदी सिटकॉममधला मराठी माणूस सहसा या वागलेचाच भाऊबंद निघाला. ‘जबान संभाल के’च्या हिंदीच्या वर्गात विजू खोटेंचा विठ्ठल बापूराव पोटे. ‘श्रीमान श्रीमती’त शेजारच्या नटीवर लाळ गाळणारा केशव कुलकर्णी, तोही जतीन कनाकिया या गुजराती नटाने केलेला. आणि ‘तारक मेहता’तला आत्माराम तुकाराम भिडे, शिकवण्या घेणारा, सोसायटीचं सेक्रेटरीपद मिरवणारा, सखाराम नावाच्या स्कूटरवर जीव टाकणारा. भित्रा, काटकसरी, नियमावर बोट ठेवणारा, खिशात हात घालताना दहादा विचार करणारा. रागवावं असं वाटतं खरं, पण मी आमच्याच सोसायटीच्या मीटिंगला जातो आणि राग गिळतो.

नव्वदच्या दशकाचा पूर्वार्ध हा या प्रकाराचा सुकाळ. ‘देख भाई देख’ (१९९३) जया बच्चन यांची निर्मिती. शेखर सुमन, नवीन निश्चल, फरीदा जलाल, सुषमा सेठ असं दिवाण कुटुंब, सगळे एकाच वेळी बोलतात आणि तरी प्रत्येकाचं ऐकू येतं. भावाला त्यातलं शीर्षकगीत अजून पाठ आहे, आणि मला वाटतं त्याचं निम्मं प्रेम त्या गीतावर आहे. ‘श्रीमान श्रीमती’ मार्कंड आणि गौतम या अधिकारी बंधूंची. पुढे त्यांनी वाहिनी काढली तिच्या नावातला सब म्हणजे ‘श्री अधिकारी ब्रदर्स’ची आद्याक्षरं. हिंदीत ‘सब’ म्हणजे सगळे, हा योग जुळून आलेला. निम्म्या देशाला अजून वाटतं की वाहिनी सगळ्यांची म्हणून सब. दुसऱ्याची बायको बघणे हा त्या मालिकेचा एकुलता एक विनोद, आणि तो आता पचत नाही. पण रीमाची कोकी पाहावी. नवऱ्याचं सगळं कळतं, चेहऱ्यावर काही नाही.

तीच रीमा त्याच सुमारास सचिन पिळगावकरांच्या ‘तू तू मैं मैं’मध्ये सुप्रियाची सासू झाली. रीमाचा जन्म १९५८चा, सुप्रियाचा १९६७चा. अवघी नऊ वर्षं धाकटी सून! आणि तरी एकदाही संशय येत नाही. सासू-सुनेचं भांडण टीव्हीवर पुढे वीस वर्षं चाललं, दागिने घालून, ढोल वाजवून, तोंडावर तीन-तीनदा कॅमेरा मारून. पण भांडणात दोघींनाही मजा येते आहे, हे दाखवण्याची हिंमत त्या एकाच मालिकेने केली.

‘हम पांच’ (१९९५) आठवतं ते भिंतीवरच्या तसबिरीसाठी. अशोक सराफांचा आनंद माथुर, पाच मुली, दुसरी बायको, आणि तसबिरीतून टोमणे मारणारी मेलेली पहिली बायको, प्रिया तेंडुलकर. मेली तरी घर सोडून जाता येत नाही, यापेक्षा पक्कं कुंपण कुठलं! निर्माती एकता कपूर, तेव्हा विशीतली. पाच वर्षांनी, जुलै २०००मध्ये तिचीच ‘क्यूंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि टीव्हीचा आठवडा मोडून रोज झाला. आपल्या सिटकॉमचं पुढे जे झालं त्याचं मूळ मला या तारखेत दिसतं. ते सांगतोच, पण त्याआधी तीन मालिका आहेत ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

पहिली ‘ऑफिस ऑफिस’, २००१, सब टीव्ही. पंकज कपूरचा मुसद्दीलाल दर आठवड्याला एका नव्या कचेरीत जातो. आज पेन्शन, उद्या टेलिफोन, परवा आणखी काही. आणि प्रत्येक कचेरीत तीच माणसं बसलेली असतात, त्याच नावांनी, त्याच खोडींसकट: पान चघळणारा शुक्ला, खादाड भाटिया, मुद्दे मोजत बोलणारा पटेल, पांडे, आणि आसावरी जोशींची उषाजी, जिला कामाखेरीज सगळ्याला वेळ आहे. कुणी कधी विचारत नाही की कालच्या खात्यातला शुक्ला आज या खात्यात कसा. विचारणार कशाला? आपल्याला उत्तर माहीत आहे. ‘ये जो है जिंदगी’त एक नट दर आठवड्याला नवा माणूस व्हायचा, इथे नेमकं उलटं, खातं नवं आणि माणसं जुनीच. भ्रष्टाचारावर गंभीर लेख लिहून जे सांगता येणार नाही ते पात्रांची बदली न करण्याच्या एका युक्तीने सांगून टाकलं. मी एकदा एका दाखल्यासाठी सलग तीन दिवस एका कचेरीत खेटे घातले. तिसऱ्या दिवशी टेबलामागच्या बाईंनी स्वेटरचा टाका मोजता मोजता मान वर केली आणि मी मनातल्या मनात त्यांना उषाजी म्हणालो. तेवढ्याने दिवस सुसह्य झाला.

दुसरी ‘साराभाई वर्सेस साराभाई’. नोव्हेंबर २००४ ते २००६, स्टार वन, सत्तरेक भाग. लेखक आतिश कपाडिया, दिग्दर्शक देवेन भोजानी. कफ परेडमधलं श्रीमंत गुजराती घर. सासू माया म्हणजे रत्ना पाठक शाह. सूनबाई मोनिशा दिल्लीकडची, घासाघीस करून वस्तू आणणारी, घर विस्कटणारी, म्हणजे मायाच्या मते ‘मिडलक्लास’. माया ही शिवी इतक्या गोड आवाजात देते की समोरच्याला आभार मानावेसे वाटतात. सतीश शाहचा इंद्रवदन सतत बायकोची उतरवण्याच्या नादात, धाकटा रोसेश भयंकर कविता करणारा आईवेडा, आणि मधोमध सुमीत राघवनचा साहिल, घरातला एकमेव शहाणा. त्या साहिलकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण सगळी मालिका त्याच्या कपाळावरच्या आठीवर उभी आहे. चार वेड्यांत एक शहाणा नसेल तर वेड मोजायचं कशाने?

कपाडियांनी त्याआधी २००२मध्ये ‘खिचडी’ लिहिली होती. तिथेही गुजराती घर, पण जुनाट वाड्यातलं. घरातल्यांना वाडा विकून वेगळं व्हायचंय आणि बाबूजी विकू देत नाहीत, म्हणजे कुंपण हाच मालिकेचा विषय. तिथली ठार मठ्ठ हंसा म्हणजे सुप्रिया पाठक, आणि इथली अतिसुसंस्कृत माया म्हणजे रत्ना पाठक. दोघी सख्ख्या बहिणी, दीना पाठक यांच्या मुली. एकाच लेखकाने एका बहिणीला इंग्रजीचा गंध नाही म्हणून आणि दुसरीला इंग्रजीचा वास जात नाही म्हणून हसवायला लावलं. हंसाने इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारायचा आणि नवऱ्याने तो फोडून फोडून भलताच सांगायचा, हा शुद्ध शब्दनिष्ठ विनोद. एरवी मला या प्रकाराचा पटकन कंटाळा येतो. इथे येत नाही, कारण त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि अज्ञानात ते सुखी आहेत.

साराभाईंना त्यांच्या काळात फार प्रेक्षक नव्हते. मालिका बंद पडली, आणि नंतर पुनःप्रक्षेपणं, मग इंटरनेट, मग मोबाइल असं करत करत ती देवघरात जाऊन बसली. २०१७मध्ये तिचा दुसरा भाग वेबवर काढला. काढायला नको होता. माणसं तीच, पण आपण दहा वर्षं त्यांना पाठ करत होतो, त्यामुळे ती स्वतःच्याच नकला करतायत असं वाटायला लागलं.

आणि तिसरी, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. २००१ ते २००५, आधी अल्फा आणि मग झी झालेल्या वाहिनीवर. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या पुस्तकावर आधारलेली, दिग्दर्शक केदार शिंदे. आबा प्रभावळकर, मुलगा शेखर राजन भिसे, सून श्यामला शुभांगी गोखले, नातवंडं शिऱ्या आणि शलाका. घर मध्यमवर्गीय, पाच माणसं, तीन पिढ्या. आबांचं काम सुरू केलं तेव्हा प्रभावळकर सत्तावन्न वर्षांचे होते. ज्या माणसाने पंचवीसेक वर्षांपूर्वी चिमणराव केला, त्यानेच मराठी टीव्हीला दुसरं अस्सल विनोदी घर दिलं, आणि दोन्हींत काही म्हणजे काही सारखं नाही. चिमणरावाला स्वतःबद्दल गैरसमज आहेत. आबांना एकही नाही. म्हातारपणी घरात आपली जागा किती, हे त्यांना बरोबर कळलंय. तेवढ्या जागेत बसून ते मिस्कीलपणे सगळ्यांच्या टोप्या उडवतात. मालिकेत कुणी खलनायक नाही, कुणी कुणाचा कट उधळत नाही. शेखर चिडतो, पण चिडतानाच त्याला कळतं की आपण चिडायला नको होतं. शुभांगी गोखलेंची श्यामला हे मला मालिकेतलं सगळ्यात अवघड काम वाटतं. सगळ्यांचे विनोद झाले की स्वयंपाकघरातून बाहेर येऊन एका वाक्यात घर ताळ्यावर आणायचं, आणि तरी करडी वाटायचं नाही.

आता त्या ‘रोज’कडे येतो. ब्रिटनच्या ‘फॉल्टी टॉवर्स’चे एकूण भाग १२, सहा १९७५मध्ये, सहा १९७९मध्ये. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांनी तेवढेच लिहिले आणि थांबले. जसपाल भट्टींच्या ‘फ्लॉप शो’चे १०. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ २८ जुलै २००८ला सुरू झाली आणि चार हजार भाग ओलांडून चालूच आहे. तारक मेहतांचा मूळ स्तंभ ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात १९७१पासून येत होता, म्हणजे आठवड्यातून एकदा. पहिली काही वर्षं मालिकेतही ती साप्ताहिकाची चव होती. दिलीप जोशींचा जेठालाल बापूजींसमोर पंचेचाळिशीतही शाळकरी मुलासारखा उभा राहतो, ते अस्सल स्वभावनिष्ठ. पण आठवड्याला पाच-सहा भाग लिहायचे म्हणजे स्वभाव पुरत नाही. मग प्रसंग ताणावा लागतो. एक हरवलेली वस्तू पंधरा दिवस शोधली जाते. प्रसंग संपले की शब्द उरतात, ठरलेले उद्गार, ठरलेल्या आरोळ्या. त्याही झिजल्या की उपदेश येतो आणि सगळी गोकुळधाम सोसायटी कंपाउंडमध्ये उभी राहून स्वच्छतेवर बोलते. शाळेत शिकलेले विनोदाचे तिन्ही प्रकार उलट्या क्रमाने संपताना बघायचे असतील तर गोकुळधाम बघावं. तरीही संध्याकाळी जेवताना ते लावणाऱ्या घरांना मी नावं ठेवणार नाही. आमच्या बाबांना ऐकू कमी येतं, त्यांना पुढचं वाक्य आधीच माहीत असलेली मालिका लागते.

मराठीत वेगळंच घडलं. २०१५ची ‘दिल दोस्ती दुनियादारी’ ताजी होती. माजघर नावाच्या भाड्याच्या घरात सहा तरुण, ‘फ्रेंड्स’ची सावली लपवलेली नाही, आणि त्यांतली सखी गोखले ही टिपऱ्यांच्या श्यामलाची खरीखुरी मुलगी. त्यानंतर मराठीतली सगळी विनोदी अक्कल स्किटकडे गेली. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८पासून चालू आहे आणि तिथले नट-लेखक कुठल्याही काळाच्या तोडीचे आहेत. पण स्किट दहा-पंधरा मिनिटांत उरकतं. त्यातल्या माणसाला पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच सुनेच्या हातचा चहा प्यायचा नसतो. त्याच मंडळींनी २०२३मध्ये ‘पोस्ट ऑफिस उघडं आहे’ करून कुंपण घालून पाहिलं, याचं मला अप्रूप आहे.

हे सगळं मी यंदा फराळाला सांगायला लागलो तेव्हा भाची म्हणाली, “मामा, एक नंबर कोणती ते सांग ना पटकन.” बांधणीला साराभाई, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि टिपरे म्हणालो. टिपरे लागायची तेव्हा मी कॉलेजात होतो, शिऱ्याची बाजू घ्यायचो आणि शेखर चिडका वाटायचा. परवा मोबाइलवर जुना भाग लावला तर शेखर काय चुकीचं बोलतोय तेच कळेना. शेजारी बाबा बसले होते. त्यांनी आवाज वाढवायला सांगितला, आणि आबांच्या एका वाक्यावर माझ्याआधी हसले.